पिकअप घेताना गाडी ठोकते? इंजिन उघडण्याआधी हे तपासा

एक्सलेटर दाबला की ठकठक, पाय काढला की शांत. या एका तक्रारीमागे चाकाचा सैल नट असू शकतो, तशीच झिजलेली बिग एंड बेअरिंगही (पिस्टनचा दांडा क्रँक शाफ्टला जोडतो तिथली). पहिल्याला एक पाना आणि दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्यात गाडी आणखी थोडी रेटली तर क्रँक शाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) जातो आणि पूर्ण इंजिन बांधावं लागतं. म्हणून आवाज कुठून येतो, कधी येतो आणि कशाबरोबर वाढतो हे ठरल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. खेड्यातल्या माणसाला तर चुकीचा पार्ट आणायलाही तालुक्याची, कधी थेट नागपूर-अमरावतीची फेरी पडते.

बहुतेक तपासणी घरच्या हत्यारांनी होते: चाकाचा पाना, जॅक, दोन मजबूत स्टँड, टॉर्च, लांब स्क्रू ड्रायव्हर, एक टॉमी (लोखंडी दांडा) आणि सोबतीला कान चांगला असलेला माणूस. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. काळ्या मातीच्या अंगणात जॅक बघता बघता रुततो. त्याखाली जाड फळी टाका, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि गाडीचं वजन स्टँडवर उतरल्याशिवाय डोकं आत घालू नका. विटा वापरू नका, त्या अचानक फुटतात.

सगळ्यात आधी तेल

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी पुसून पुन्हा पूर्ण बुडवा आणि बघा. लहान पेट्रोल गाडीत तेल जेमतेम तीन-साडेतीन लिटर असतं, आणि पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास असतं. म्हणजे पट्टी कोरडी निघाली तर निदान एक तृतीयांश तेल गाडीत नाहीच, असं समजा. थोडं थोडं भरत वरच्या खुणेपर्यंत आणा, त्याच्या वर जाऊ नका. जास्त झालेलं तेल क्रँक घुसळतो, त्याचा फेस होतो आणि तेलाचा दाब उलट कमी होतो.

घरात ट्रॅक्टरचा डबा असतोच, म्हणून त्यातलं 20डब्ल्यू-40 हे जाड तेल कारमध्ये ओतण्याची सवय आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल कारना 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 असं पातळ तेल लागतं. जाड तेलाने ठोका काही दिवस दबतो, पण बेअरिंग झिजायची थांबत नाही, आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ते तेल वर टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपर्यंत) पोचायला उशीर होतो. रानात अडकलात आणि पट्टी कोरडी आहे, तर घरापर्यंत यायला ते चालेल. मग लगेच बदला.

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला आणि सोबत जड, खोल ठोका येत असेल, तर तिथेच इंजिन बंद करा. गाव दोन किलोमीटरवर दिसत असलं तरी बंदच करा. ट्रॅक्टरला बांधून आणायची असेल तर किल्ली चालू ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, आणि लक्षात ठेवा की इंजिन बंद असताना ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही खूप जड होतात. ऑटोमॅटिक गाडी, इंजिन फिरवतं ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, गिअरबॉक्स जळतो. ती दुसऱ्या मोठ्या गाडीवर चढवूनच न्या.

आवाज नेमका कुठला: चार चाचण्या

तेल ठीक असेल तर इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि या चाचण्या क्रमाने करा. सकाळचा रिकामा रस्ता निवडा. एका बाजूला भिंत किंवा पुलाचा कठडा असेल तर काच खाली करून त्याच्या जवळून जा, आवाज परत येतो आणि ठळक ऐकू येतो. त्याआधी डिकी रिकामी करा: जॅक, पाने, पाण्याची कॅन, स्टेपनी. सैल स्टेपनीने फसवलेल्या गाड्या कमी नाहीत.

1. गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) 1000 वरून 3000 पर्यंत सावकाश न्या आणि सावकाश उतरवा. इथेच आवाज आला तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा पट्ट्यावरच्या पुलींचा आहे. चाकांचा विचार सोडून द्या.

2. ताशी 40 वेगाने आधी दुसऱ्या गिअरमध्ये, मग तिसऱ्यात चालवा. गाडीचा वेग तोच, पण इंजिनचा वेगळा. ठोक्यांची लय गिअरबरोबर बदलली तर इंजिन. तशीच राहिली तर चाक, एक्सल किंवा शाफ्ट. आता क्लच दाबून गाडी घरंगळू द्या. तरीही ठकठक चालूच राहिली तर चाकाकडेच बघा.

3. हळू चालताना एक्सलेटर झटक्यात दाबा आणि सोडा. दर वेळी एकच 'धाड' किंवा 'ठक' आली, पुन्हा पुन्हा नाही, तर काहीतरी ढिलं झालेलं एका बाजूहून दुसऱ्या बाजूला आपटतंय: इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ती रबरं), क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टचा सांधा), लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश.

4. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवा, दोन्ही दिशांना. वळणावर कटकट वाढली तर बाहेरचा, चाकाकडचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा वळता सांधा).

पहिल्या चाचणीत काहीच ऐकू आलं नाही, पण भरलेली गाडी चढावर घेताना आवाज येतो, अशा वेळी बहुधा पुढचा प्रकार असतो.

चढावर येणारी बारीक खणखण

गाडीत पाच जण, एसी चालू, मेची दुपार, चौथा गिअर. एक्सलेटर दाबला की डब्यात हरभरे हलवल्यासारखा बारीक, धातूचा आवाज येतो आणि गाडी ओढत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हा हमखास ऐकू येतो. स्पार्कने पेटलेली ज्योत सिलिंडरमध्ये पसरत असते, तेवढ्यात कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने आपोआप भडकतं. त्या दाबाच्या लाटा धातूवर आदळतात. महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलं तर पिस्टनवर रिंगांच्या मधले काठ तुटतात आणि हेड गॅस्केट जळतं.

इथे खर्चाआधी सवय तपासा. मायलेजच्या आशेने ताशी 30 वर चौथा गिअर ठेवून चढावर एक्सलेटर दाबला की निरोगी इंजिनही ठोकतं. 1500 आरपीएमच्या खाली जोर मागू नका, गिअर उतरवा. एवढ्याने आवाज गेला तर बिघाडच नव्हता.

नाही गेला तर उष्णता बघा. विदर्भात उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, आत येणारी हवाच तापलेली असते, त्यामुळे इंजिनला मुळात सवलत कमी मिळते. रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, कापसाचे तंतू आणि मळणीच्या दिवसांतलं कुटार बसलेलं असतं. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या प्रेशरने पातळ पत्रे वाकतात. त्याच दिवशी एअर फिल्टर काढून उन्हात धरा, पलीकडचा उजेड दिसला नाही तर बदला. पंखा वेळेवर लागतो का तेही बघा.

कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरणं ही इथली फार महागात पडणारी सवय आहे. ते पाणी जड असतं, आत क्षाराचा थर बसतो आणि सिलिंडर हेडचे काही भाग बाकीच्यांपेक्षा जास्त तापतात. काटा मधोमध दिसत असतानाही खणखण येण्याचं हे एक कारण. पूर्ण काढून, स्वच्छ करून, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आणि 'थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी गरम होत नाही' हा सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन हिवाळाभर अर्धवट गरम चालतं, पेट्रोल जास्त जळतं, पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचतो, आणि तोच कार्बन उन्हाळ्यात ठोका निर्माण करतो.

मग इंधन. किराणा दुकानातल्या बाटलीतलं पेट्रोल किती दिवसांचं आणि त्यात काय मिसळलंय हे कळत नाही. रॉकेलची भेसळ असेल तर ऑक्टेन (पेट्रोलची ठोका रोखण्याची ताकद) चांगलाच घसरतो. टाकी शक्य तितकी संपवून, खप जास्त असलेल्या पंपावरून भरा आणि त्याच चढावर पुन्हा ऐका. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, त्यामुळे ई-20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) भरलं म्हणून इंजिन ठोकतंय असा निष्कर्ष लगेच काढू नका. दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. एक, टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल त्या पाण्यासोबत तळाला बसतं आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. दोन, जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या मिश्रण स्वतःहून सुधारू शकत नाहीत, इथेनॉलमुळे त्यांचं मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. त्यांचा कार्बोरेटर आणि टायमिंग दोन्ही जाणत्या माणसाकडून लावून घ्या.

स्पार्क प्लग काढून बघा. टोकाचा पांढरा भाग हलका तपकिरी असेल तर ठीक. एकदम पांढरा, फोड आलेला असेल तर मिश्रण पातळ किंवा उष्णता जास्त. पुस्तकात दिलेल्या नंबरचाच प्लग घाला. गॅप बहुतेक पेट्रोल गाड्यांत 0.8 ते 1.1 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, मगच पाना लावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तिरपा गेलेला प्लग आटे घेऊन बाहेर येतो.

शेवटी नॉक सेन्सर. इंजिनच्या ब्लॉकवर बसलेला हा सेन्सर ठोका टिपतो आणि इंजिनचा संगणक स्पार्क थोडा उशिरा देऊन तो थांबवतो. म्हणून नव्या गाडीत खणखण सतत ऐकू येत असेल तर ही व्यवस्थाच बंद पडली असण्याची शक्यता तपासा. धान्याच्या कोठीजवळ उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात. सेन्सरची वायर खाली, नजरेआड असते. स्कॅनरवर पी 0325 किंवा त्याच्या आसपासचा कोड आला तर आधी वायर आणि कनेक्टर बघा, मग सेन्सर. बोल्टने बसणाऱ्या सेन्सरचा टॉर्क बहुतेक 20 न्यूटन मीटरच्या जवळपास असतो आणि तो पाळावा लागतो. ढिला किंवा अति घट्ट बसवला तर सेन्सर चुकीचं ऐकतो. पी 0171 हा कोड मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. तेव्हा हवेचे फाटलेले पाइप आणि तुंबलेले इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) शोधा.

तळातून येणारा जड ठोका

गाडी उभी असतानाही येतो, आरपीएमबरोबर वाढतो, इंजिन तापल्यावर जास्त, आणि खोल 'ठग ठग' असा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून ऐका; पट्टा, पंखा आणि लोंबते कपडे यांपासून लांब राहा. वर, टॅपेट कव्हरवर बारीक टिकटिक ठळक असेल तर टॅपेट. खाली ब्लॉकच्या तळाशी ठळक असेल तर बेअरिंग. थंड असताना येऊन गरम झाल्यावर जाणारा पोकळ आवाज बहुधा पिस्टनचा असतो, तो बराच काळ सांभाळता येतो.

बेअरिंगची खात्री करायला इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा, सुरू करून काही सेकंद ऐका, बंद करा, कनेक्टर लावा, मग पुढचा सिलिंडर. ज्या सिलिंडरला ठोका स्पष्ट कमी होतो त्याची बेअरिंग गेली. नुसता कॉइल (प्लगला स्पार्क देणारा) काढून हे करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो खराब होतो. यानंतर ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनचा दाब मोजून घ्या. दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय असा ढोबळ हिशेब आहे, पण अंतिम आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला.

आपल्याकडे या बिघाडाचं एक ठरलेलं मूळ आहे: पांदण रस्ता. धुरा ओलांडताना किंवा पावसाने उघड्या पडलेल्या दगडावर चेंबर (इंजिनखालचा तेलाचा डबा) आपटतो, पत्रा आत दबतो. आत तेल खेचणारी जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. पोचा पडला की ती वाट अरुंद होते. पट्टीवर तेल पूर्ण दिसतं, तेल गळतही नाही, पण जोर देताना पंपाला ते पुरत नाही. म्हणून आपटल्याचं आठवत नसलं तरी खाली वाकून चेंबर बघाच. पोचा दिसला तर चेंबर उतरवून बदला किंवा सरळ करा आणि जाळी पेट्रोलने धुवा. चेंबरच्या तळाला तांबूस किंवा चकचकीत भुकटी दिसली तर बेअरिंगच्या कॅपही उघडाव्या लागतील. चेंबर बसवताना सीलंटची रेघ साधारण तीन मिलिमीटर, एकसंध आणि बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने द्या. जास्त लावलेलं सीलंट आत सुटतं आणि त्याच जाळीत जाऊन अडकतं.

डिझेल गाडी असेल तर

थंड डिझेल इंजिन खडखडतंच. गरम झाल्यावर कमी झालं तर काळजी नाही. गरम असतानाही पिकअपला एका सिलिंडरचा कडक ठोका येत असेल तर आधी डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढा. ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी आणि गाळ असतोच. कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) मिस्त्री जुन्या सवयीने इंजेक्टरचा पाइप सैल करून बघायला गेले तर थांबवा. त्या पाइपात 1600 बार आणि त्याहून जास्त दाब असतो, ती धार कातडी फाडून आत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. इंजेक्टर तपासायचे तर रिटर्नच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावतात. जी बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर गळतो. बऱ्याच गाड्यांत बदललेल्या इंजेक्टरचा कोड संगणकात भरावा लागतो, तो न भरता गाडी देत असतील तर घेऊ नका.

चालतानाच येणारा आवाज

पहिलं काम चाकाचे नट. पंक्चरवाल्याने घाईत लावलेला सैल नट हे साधंच कारण, पण चाक निखळण्याइतकं धोक्याचं. लहान गाड्यांत टॉर्क साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर असतो. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, शेवटचा जोर चाक जमिनीवर असताना द्या.

इंजिन फाउंडेशनसाठी बॉनेट उघडा, एकाला आत बसवा, ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही. पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. तुम्ही बाजूला उभे राहून बघा. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही नको. इंजिन थोडं हलणारच, पण बोटभर उचलून आपटत असेल तर रबर फाटलंय. एक बदलताना बाकीचेही तपासा, एकाचा भार दुसऱ्यावर पडलेला असतो. फाउंडेशन काढताना इंजिनखाली लाकडी गुटका ठेवून जॅक द्या, तो मजबूत भागावर. चेंबरच्या पत्र्यावर थेट नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक्सलचे रबरी बूट फिरवून बघा. बूट फाटला की रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल तर जॉइंट धुऊन, नवं मॉलिब्डेनम ग्रीस भरून बूट बदलला की भागतं. कटकट सुरू झाली असेल तर आत धूळ गेलेली आहे. नवं ग्रीस त्याला वाचवत नाही, जॉइंट बदला. सरळ रस्त्यावर पिकअपला गाडी थरथरत असेल तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघा. कापूस निघाल्यानंतर शेतातून गाडी नेली असेल तर एक्सलभोवती गुंडाळलेली पऱ्हाटी आधी काढा. ती वाळल्यावर दर फेऱ्याला पत्र्यावर आपटते आणि बूटही कापते.

बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा. क्रॉसमध्ये जराही खडखड जाणवली किंवा टोप्यांजवळ लालसर गंज दिसला तर तो गेला. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही फ्लँजवर खडूने नाही, पंचने खूण करा. फिरवून बसवला तर नवीच थरथर मागे लागते. ग्रीस निपल असेल तर चारही बाजूंनी नवं ग्रीस दिसेपर्यंत भरा. तिथेच मागचे पाटे, त्यांचे बुश आणि यू बोल्ट तपासा. यू बोल्ट ढिले असले की पिकअपला मागच्या एक्सलचं हाउसिंग मागेपुढे सरकून धाड आवाज करतं.

लोअर आर्मचा बुश टॉमीने हलवून कळतो. बदलताना एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते: बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळतात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाक जमिनीवर, वजन पूर्ण, मगच शेवटचं आवळा.

उभ्या गाडीत सकाळी थंड इंजिनवर जोरात 'फट फट' आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या पाइपचं) गॅस्केट. जोडाजवळ काजळी दिसते. सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याची झणझण पाइप पूर्ण थंड झाल्यावर हाताने ठोकून ओळखता येते, क्लॅम्प लावला की संपली.

दुरुस्तीनंतर

ज्या चढावर, जेवढ्या माणसांनिशी आणि ज्या गिअरमध्ये आवाज येत होता, तिथेच पुन्हा चालवून बघा. मोबाइलवर आधी आणि नंतर रेकॉर्ड केलेला आवाज मिस्त्रीला ऐकवला तर बोलण्यात वेळ जात नाही. चाक काढलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. चेंबर उघडला असेल तर पहिल्या दिवशी इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझतो का बघा, आणि 1000 किलोमीटरला तेल व फिल्टर दोन्ही बदला; फिल्टर कापून आतल्या कागदावर पुन्हा चकचकीत भुकटी साचली आहे का, तेही तपासा.